दारू सुटली, रिपोर्ट सुधारले, पण डोकं अजून जागेवर येईना

लूमवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितोय. गाव इचलकरंजी, घरचे पावरलूम, वय पन्नाशीच्या अलीकडं. वीसेक वर्षं रोजचं पिणं, शेवटी शेवटी तर सकाळी हात इतके थरथरायचे की चहाच्या आधी नव्वद मारल्याशिवाय साधी गाठ मारता यायची नाही. पाडव्याच्या सुमारास डोळे पिवळे, पोटात पाणी, पायाला सूज, भावानं उचलून मिरजेला ॲडमिट केलं. तिथं दोन दिवसांनी जे झालं ते मला काहीच आठवत नाही, बायको सांगते की मी कॉटवर बसून हवेत तुटलेला धागा जोडत होतो आणि नर्सला म्हणत होतो बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपलाय, जॉबरला (लूम दुरुस्त करणाऱ्याला) हाक मारा. हात बांधून ठेवावे लागले म्हणे.

तर तेव्हापासून थेंब नाही. आता गणपती होऊन गेले. पोटातलं पाणी गेलं, बिलिरुबीन म्हणजे काविळीचा आकडा उतरला, लिव्हरचं एसजीओटी जवळपास नॉर्मल, घरचे खूश. पण माझं मला माहीत. रात्री तीनला टक्क जाग आणि दिवसा गादीवर बसल्या बसल्या डुलक्या. कशातच मजा नाही, मटण पुढ्यात आलं तरी तेच आणि वरण आलं तरी तेच. पोरानं दार जोरात लावलं तरी डोक्यात तिडीक जाते. तळपाय रात्री जळतात. आणि गोड, कधी आयुष्यात खाल्लं नाही एवढं गोड खातोय, जिलेबीची पुडी लपवून आणतो म्हणजे बघा. सोडून जर असंच जगायचं असेल तर सोडली कशाला असं कधी कधी वाटतं, खोटं कशाला बोलू. कुणी यातून गेलंय का? हे किती दिवस चालतं?

आजचा_दिवस
लूमवाले, आधी बसा निवांत. तुम्ही जे लिहिलंय ते मी शब्दन् शब्द जगलोय. मी पुण्याचा, एए चा, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा माणूस, बरीच वर्षं झाली आता. शरीर लवकर माफ करतं, डोकं उधारी पूर्ण वसूल करतं. माझे रिपोर्ट दोन-तीन महिन्यांत चकाचक होते आणि मी मात्र वर्षभर भुतासारखा घरात फिरायचो. त्या काळात कोणी म्हणालं की 'आता कसं छान वाटत असेल ना' तर त्याला धरून हाणावंसं वाटायचं.

स्वप्नं पडतात का? प्यायल्याची? मला पडायची, इतकी खरी की उठून तळहातावर फुंकर मारून वास घ्यायचो, आलाय का म्हणून. मिटिंगला सांगितलं तर सगळे हसायला लागले, प्रत्येकाला पडलेली. दारूनं झोपेतला स्वप्नांचा भाग वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला असतो, ती सुटली की तो भाग उसळून वर येतो. घाबरायचं नाही, स्वप्नात प्यालेली मोजत नाहीत.

गोडाचं पण तसंच. आमच्यातले जुने लोक खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवतात. मात्र शुगर चेक करून घ्या, तळपाय जळतात म्हणताय.

कोथरूडचा_वाघ
मला एक कळत नाही, एवढं काय त्यात? माझ्या काकांनी एका दिवसात सोडली, ना गोळी ना मिटिंग. माणसाची इच्छाशक्ती पाहिजे. बाकी सगळे लाड.

आजचा_दिवस
वाघोबा, काकांना नमस्कार सांगा. इच्छाशक्ती माझ्याकडेही भरपूर होती, भर पावसात ड्राय डेला चार गावं हिंडून क्वार्टर मिळवायला काय कमी इच्छाशक्ती लागते?

बिनपाटीचा_डॉक्टर
मानसोपचारात काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, पण इथं वाचून कोणी स्वतःचं औषध ठरवू नका.

मेंदूत एक यंत्रणा शांत करणारी आणि एक चेतवणारी. दारू शांत करणारीला जोर देते आणि चेतवणारीला दाबते. वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू उलट बाजूनं जोर लावून तोल सांभाळायला शिकतो. मग दारू अचानक काढली की तो उलटा जोर तसाच राहतो, त्याला अडवायला कोणी नाही. हात थरथरणं, घाम, धडधड, आकडी, भास, सगळं त्यातून. लूमवाल्यांनी जे हवेत धागा जोडण्याचं लिहिलंय ते आम्ही नेहमी बघतो, त्या अवस्थेत माणूस आपला धंदाच करत असतो, ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो, शिंपी शिवतो. भीतीदायक म्हणजे यात जीव जाऊ शकतो. तो पहिला आठवडा निघाला म्हणजे मोठं संकट टळलं, पण तोल पूर्ण सावरायला आणि आनंद-बक्षिसाची यंत्रणा पुन्हा चालू व्हायला काही महिने, कधी वर्षभर पण लागतं. जिलेबी ही त्यातलीच, मेंदू बक्षीस मागतोय.

आता लूमवाले, तुमच्यासाठी महत्त्वाचं. तुम्ही सगळं 'डोक्याचं' म्हणताय, मी तसं धरणार नाही. पोटात पाणी झालं होतं म्हणजे लिव्हरला चांगलाच मार बसलेला असू शकतो. अशा माणसाला दिवसा झोप आणि रात्री जाग, चिडचिड, गोंधळ हे लिव्हरमुळेही होतं. आतड्यात तयार होणारा अमोनिया वगैरे लिव्हर साफ करू शकत नाही आणि तो मेंदूवर परिणाम करतो. पोट साफ होतंय का? सही पूर्वीसारखी येते का? हात पुढे ताणून मनगट वर उचललं की पंजा फडफडतो का? हे तुमच्या लिव्हरच्या डॉक्टरला पुढच्या नव्हे, याच आठवड्यात दाखवा. त्यावर साधं पोट साफ करणारं सिरपसुद्धा कामी येतं. आणि मेडिकलमधून झोपेची गोळी अजिबात आणू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अशा लिव्हरला जड जातात आणि दारूच्या जागी त्यांचं व्यसन लागतं ते वेगळंच.

त्यातून काही निघालं नाही आणि उदासपणा तसाच असेल तर मग डिप्रेशन म्हणून उपचार घ्यायचे. सोडल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांतली उदासी बऱ्याचदा आपोआप कमी होते, तुम्ही ती मुदत कधीच ओलांडलीत. 'सोडली कशाला' हा विचार 'जगतोय कशाला' कडे वळला तर वाट बघायची नाही, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतो.

वनौषधी_प्रेमी
ॲलोपथीवाल्यांचं ऐकून घाबरू नका दादा. गुळवेलीचा काढा रोज सकाळी अनशापोटी, आणि कुमारी आसव दोन वेळा. लिव्हर नव्यासारखं होतं. माझ्या मेव्हण्याचं झालंय.

बिनपाटीचा_डॉक्टर
मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, पण इथं गप्प बसता येणार नाही. आसव-अरिष्ट आंबवूनच बनतात, त्यात दारूचाच अंश असतो, बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचा. सोडलेल्या माणसाला दिवसातून दोनदा ते द्यायचं? आणि कोणी डायसल्फिरामच्या गोळीवर (जिच्यावर दारू घेतली की त्रास होतो) असेल तर तेवढ्यानंही चेहरा लाल, उलट्या, छाती धडधडणं सुरू होऊ शकतं. काही कफ सिरपचंही तेच. गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटांची माहिती छापली होती. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वाद झाला, तो चालू दे. पण ज्याचं लिव्हर आधीच अर्धमेलं आहे त्यानं तो प्रयोग स्वतःवर करू नये एवढं तर दोन्ही बाजूंना पटावं.

वनौषधी_प्रेमी
तुमचे ते स्टेरॉइड चालतात वाटतं. असो. ज्याची त्याची श्रद्धा.

सौ_निनावी
मी प्यायलेली नाही, पण पंधरा वर्षं पिणाऱ्याबरोबर काढलीत तेव्हा बोलायचा हक्क आहे समजते.

लूमवाले भाऊ, तुमच्या घरातल्यांना काय होतंय ते विचारलंत का? आमच्याकडे ह्यांनी सोडली तेव्हा सगळे नातेवाईक पेढे मागत होते आणि मला मात्र बिल्डिंगच्या लिफ्टचा आवाज आला की पोटात गोळा यायचा, आज कसे येतील म्हणून. ते सरळ चालत आले तरी मी आधी डोळे बघायची. त्यांना राग यायचा, म्हणायचे आता तर सोडली ना, अजून काय पाहिजे. आणि लगेच घराचा कारभार हातात घ्यायला निघाले, एटीएम कार्ड दे, पोरीच्या क्लासचं मी ठरवतो. अहो, इतकी वर्षं मी एकटीनं चालवलं ते! पोरगी तर त्यांच्याशी बोलतच नव्हती.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी वेगळा गट असतो, सहचरी म्हणून. तिथं जायला लागले तेव्हा मला कळलं की आजारी मी पण पडले होते. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीतून, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलेलं ते केंद्र, आता त्यांची मुलगी मुक्ताताई बघतात. तिथं पेशंट म्हणत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. ह्यांना पाच आठवडे ठेवलं, पण खरं काम नंतरच्या फॉलोअपनं केलं. तो चुकवायचा नाही.

आणि बायकांनो, एक हात जोडून सांगते, भाजीत गुपचूप घालायच्या पावडरीच्या जाहिराती येतात ना, 'न कळत दारू सोडवा', त्याच्या नादी लागू नका. आमच्या ओळखीत एकीनं घातली, त्यात काय होतं देव जाणे, नवरा प्यायला आणि बीपी एवढं पडलं की आयसीयूत. वाचला. पण त्यानंतर तिच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही.

रात्रपाळी
धागा वाचून हिंमत आली. चाकणला कंपनीत आहे. रोज हाफ, सुट्टीला खंबा, म्हणजे अख्खी बाटली संपते. उद्यापासून एकदम बंद. चार दिवस रजा टाकलीये, बायकोला माहेरी पाठवतोय, खोलीत कडी लावून बसणार, जे होईल ते होईल. मोबाइल पण बंद ठेवणार. शुभेच्छा द्या.

आजचा_दिवस
अरे थांब थांब थांब. असं करू नकोस बाबा.

बिनपाटीचा_डॉक्टर
रात्रपाळी, शुभेच्छा देणार नाही, आधी हे वाच. एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, तू रोज हाफ, म्हणजे त्याच्या दुप्पट घेतोस. एवढं रोज घेणाऱ्यानं एकट्यानं कडी लावून बंद करणं म्हणजे सगळ्यात धोकादायक पद्धत. सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, आकडी बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, आणि लूमवाल्यांना झालं ते दोन ते चार दिवसांत. आकडी आली आणि खोलीत कोणी नसलं तर? बायकोला माहेरी पाठवू नकोस. उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात किंवा मानसोपचारवाल्याकडे जा, खरा आकडा सांग, कमी करून सांगू नकोस. लक्षणांप्रमाणे गोळ्या देऊन पाच-सात दिवसांत त्या हळूहळू कमी करत नेतात. पूर्वी कधी सोडताना आकडी आली असेल तर ॲडमिटच हो. आणि त्यांना आठवण कर, ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन. पिणाऱ्याच्या अंगात ते संपलेलं असतं, त्याशिवाय ग्लुकोज गेलं तर चाल अडखळणं, डोळे नीट न फिरणं आणि कायमची स्मृती जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. डॉक्टर मिळेपर्यंत एकदम शून्य करू नकोस. नंबर हवा असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे.

झाडीपट्टीवाला
आमच्या चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी झाली (२०२१ ला उठली), ती लागली तेव्हा माझा मोठा भाऊ असाच अडकला होता बे. पयल्या दिवशी माल भेटला नाही, तिसऱ्या दिवशी खाटेवरून पडला आकडी येऊन. घरच्याईला वाटलं भूतबाधा. मांत्रिकाकडे नेऊन राहिले होते, मी आडवा झालो. रात्रपाळी भाऊ, डॉक्टर सायेब सांगून राहिले ते आयक. बंदी चांगली का वाईट त्याच्यावर वेगळा धागा काढू, इथं नको.

आडनाव_नको
इथं बायका पण असतात पिणाऱ्या, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. मी बँकेत होते. वाइन, मग व्होडका, स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत. पुरुषाला निदान 'बेवडा' म्हणून बाजूला घेऊन कोणी समजावतं, बाईचं घरातच दाबून टाकतात. सासरच्यांनी सगळ्यांना थायरॉइड सांगितलं होतं. माझी सोडल्यानंतरची सगळ्यात मोठी अडचण शरीर नव्हती, संध्याकाळ होती. सहा ते नऊ. ते तीन तास कुठे ठेवायचे हेच कळायचं नाही. मी पोहायला जायला लागले कारण पाण्यात फोन पण नाही आणि ग्लास पण नाही. मिटिंगमध्ये मी एकटीच बाई असायची म्हणून जाणं सोडलं होतं, लॉकडाउनमध्ये ऑनलाइन मराठी मिटिंगा सुरू झाल्या तिथं मस्कतची एक आणि सोलापूरची एक भेटली. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. ज्यांना गावात ओळखीचं कोणी दिसेल याची भीती आहे त्यांनी तिथून सुरुवात करा.

लूमवाले, मजा परत येते पण वाजतगाजत येत नाही. मला एकदा आंबोळी खाताना जाणवलं की अरे, चटणीला चव आहे. तेवढंच. मग पुन्हा आठवडाभर काही नाही.

लूमवाला
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. डॉक्टर साहेब, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी मिरजेला गेलो. पंजा थोडा फडफडतोय म्हणाले. सही तर पतसंस्थेत दोनदा परत आली होती, मला वाटलं हातच बिघडला. सिरप दिलंय, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायला पाहिजे म्हणाले. खरं सांगतो, आठवड्यातच दिवसाची झापड कमी झाली आणि काल सलग पाच तास झोपलो. तळपायाला बी-कॉम्प्लेक्स, शुगर नॉर्मल आहे, नसा भरायला महिने जातील म्हणाले. पोटात दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का बघणार, आणि यापुढं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. लिव्हर किती कडक झालंय ते बघायला फायब्रोस्कॅन पण सांगितलाय. मीठ कमी, म्हणजे खर्डा-लोणचं-पापड बंद. डाळ, अंडी, दही भरपूर खायला सांगितलं, मी ऐकलं होतं की लिव्हरवाल्यानं प्रोटीन खायचं नसतं म्हणून नुसता भात खात होतो. रात्री झोपताना पण काहीतरी खायचं.

मिसेसला इथलं सौ निनावी यांचं वाचायला दिलं. वाचून काहीच बोलली नाही, उठून आत गेली. मग रात्री म्हणाली की अजूनही लूमचा खडखडाट मध्येच थांबला की तिला वाटतं मी खाली पडलोय.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, लाज वाटते पण विचारतो, नवरा-बायकोचं जे असतं ते बंदच पडलंय. दुसरं, चुलतभावाच्या पोराचं लग्न आहे, हळदीला सगळे बसणार, नाही गेलो तर भाऊबंदकीत वाईटपणा, आणि मला प्यायची ताकद देणारी औषधं नकोत, न प्यायची काही आहेत का?

बिनपाटीचा_डॉक्टर
छान झालं लवकर गेलात ते. पहिल्याचं, लाजू नका, दर दुसरा पेशंट दार बंद करून हेच विचारतो. दारूनं पुरुषी हार्मोन आणि नसा दोन्हींवर परिणाम होतो, बऱ्याच जणांचं काही महिन्यांत सुधारतं, लिव्हर किती सावरतं त्यावर आहे. टीव्हीवरच्या गोळ्या नकोत. डॉक्टरला सांगा.

दुसऱ्याचं, ओढ कमी करणारी औषधं आहेत, पण तुमच्या लिव्हरला डायसल्फिराम नको, नाल्ट्रेक्सोनलाही विचार करावा लागतो. बॅक्लोफेन अशा रुग्णांत वापरतात, पण त्यानं गुंगी येते आणि तुमचा पंजा आत्ताच फडफडत होता, म्हणून लिव्हरवाल्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

आजचा_दिवस
हळदीला जाऊच नका. लग्नाला जा, अक्षता टाका, जेवा, निघा. वाईटपणा यायचा तर येऊ दे, कावीळ झाली तेव्हा भाऊबंद आले होते का कॉटजवळ बसायला? जावंच लागलं तर स्वतःची गाडी घेऊन जा, पोट भरून जा, हातात पहिल्यापासून सोडा किंवा ताक धरा, रिकाम्या हातात कोणीतरी ग्लास देतंच. आणि 'डॉक्टरनं सांगितलंय' म्हणू नका, त्यावर लोक म्हणतात एकानं काय होतंय. 'मी पीत नाही' एवढंच. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं एक जरी वाटलं तर तिथून काढता पाय घ्यायचा.

झाडीपट्टीवाला
बिनदारूची बिअर भेटते ना आता, ते धरा हातात.

आडनाव_नको
ती नको. काहींत थोडं अल्कोहोल असतंच, आणि चव-वास तोच. माझ्या ओळखीत दोघं तिथूनच परत फिरले.

रात्रपाळी_चा_भाऊ
नमस्कार, नवीन आयडी काढलाय. तो तुमचं ऐकून दवाखान्यात गेला, ॲडमिट करून घेतलं. दुसऱ्या रात्री आकडी आली एक, पण तिथंच होता म्हणून लगेच इंजेक्शन दिलं. आता बरा आहे, पेज खातोय आणि डिस्चार्ज कधी म्हणून सगळ्यांचं डोकं खातोय. पुढे काय करायचं ते कळत नाहीये, कंपनीला काय सांगू? आणि मुक्तांगणला जागा मिळायला आधी फोन करायचा का सरळ घेऊन जायचं?

सौ_निनावी
आधी फोन करा, तारीख घ्या, पेशंटला तपासूनच दाखल करतात. पुण्यात येरवड्याला मेंटल हॉस्पिटलच्या बाजूला आहे. दवाखान्याचे कागद सोबत न्या. कंपनीला आजारपणाचं सर्टिफिकेट द्या, जास्त सांगायची गरज नाही. आणि त्याच्या बायकोलाही सोबत आणा, तिच्यासाठी पण.

लूमवाला
रात्रपाळीच्या भावा, तो शुद्धीत असेल तेव्हा त्याला विचार हवेत काय करत होता. मी अजून बीम शोधतोय. आजचा दिवस साहेब, सांगली-मिरज बाजूला मराठी मिटिंग कुठं असते, रविवार सोडून? रविवारी बाजाराचे हिशेब असतात.

आजचा_दिवस
असते, मी तिकडच्या माणसाला विचारून तुम्हाला मेसेज करतो. वार कोणताही निघाला तरी हिशेब पुतण्याकडे द्या.